शिक्षा देताना माणूस पाहावा काय?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त धामणगाव बढे येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने दान, शील, तप यांविषयी बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र आज चोरी, खून, तुरुंग आणि फाशी यांविषयी बोलणार आहे. विषय कळविला तेव्हा कार्यकारिणीतील काही मंडळींच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर ते स्वाभाविकच आहे. परंतु आयुष्यभर फौजदारी न्यायालयांत वकिली केलेल्या माणसाजवळ दुसरा कोणता माल असणार? शिवाय हा विषय आपल्या धर्मविचाराला परका नाही. एकाच अपराधाबद्दल दोन माणसांना वेगवेगळी शिक्षा व्हावी काय, हा प्रश्न आपल्या आचार्यांनी भारतातील आधुनिक न्यायालयांच्या पुष्कळ आधी विचारला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आस्रवाचे विवेचन आहे. तेथे उमास्वातींनी सांगितले आहे की, बाह्य क्रिया एकच असली तरी कर्मबंध सारखा होत नाही. भाव तीव्र होता की मंद, कृत्य जाणून केले की अजाणता, साधन कोणते होते, करणाऱ्याचे सामर्थ्य किती होते, यांवरून फरक पडतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे वाचताना क्षणभर चकित व्हायला होते. हेतू, ज्ञान, साधन, क्षमता ही तर आमच्या दंडशास्त्राचीच भाषा आहे!

छेदसूत्रे त्याहून पुढे जातात. व्यवहारसूत्राच्या आरंभीच असे सांगितले आहे की, ज्या दोषासाठी एक महिन्याचे प्रायश्चित्त आहे, त्याची निष्कपट आलोचना करणाऱ्या साधूला एक महिना आणि कपट ठेवून आलोचना करणाऱ्याला दोन महिने प्रायश्चित्त द्यावे. दोष तोच, पण माणसाचे अंतःकरण निराळे, म्हणून दंड निराळा. जिनभद्रगणी क्षमाश्रमणांच्या जीतकल्पात द्रव्य, क्षेत्र, काल, भाव यांच्या जोडीला ‘पुरुष’ म्हणजे ती व्यक्ती कोण आहे, हेही पाहण्यास सांगितले आहे. ज्ञानी आहे की अजाण, सशक्त आहे की दुर्बल, सरळ आहे की कपटी, हे पाहूनच आचार्यांनी प्रायश्चित्ताचे मान ठरवावे. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. परिहार तप भोगणारा साधू आजारी पडला तर गणप्रमुखाने त्याला बाहेर घालवू नये, तो बरा होईपर्यंत न कंटाळता त्याची सेवा करावी, असे व्यवहारसूत्रात आहे. दंड चालू असतानाही संघाचे त्याच्याशी असलेले नाते संपत नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता देशाच्या कायद्याकडे वळू.

१८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोषसिद्धी आणि शिक्षा एकाच दमात उरकली जात असे. १९७३ च्या नव्या संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, सत्र खटल्यांसाठी एक स्वतंत्र पायरी निर्माण केली. आरोपी दोषी ठरल्यावर न्यायाधीशाने शिक्षेच्या प्रश्नावर त्याला ऐकून घेतलेच पाहिजे, असे कलम २३५ मध्ये आले. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. १९७६ साली संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, हे ऐकणे म्हणजे उपचार नव्हे. आरोपीला आपल्या परिस्थितीचा पुरावासुद्धा देता आला पाहिजे. ही संधी दिली गेली नव्हती, म्हणून ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले. पुढे ९ मे १९८० रोजी बच्चन सिंग खटल्यात घटनापीठाने फाशीची शिक्षा वैध ठरविली, परंतु तिला बांध घातला. अपराधाबरोबर अपराधीही पाहिला पाहिजे. त्याचे वय, मनःस्थिती, सुधारण्याचा संभव हे सारे तोलले पाहिजे. आणि दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणीच फाशी द्यावी.

कागदावर हे सारे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय घडते, ते आपण एकदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून पाहावे. न्यायाधीश निकाल वाचतात, आरोपी दोषी ठरतो. मग त्याला विचारले जाते, “शिक्षेबाबत काही सांगायचे आहे काय?” तो माणूस, ज्याच्या पायाखालची जमीन आताच सरकली आहे, हात जोडून म्हणतो, “साहेब, गरीब आहे, लहान लेकरे आहेत, म्हातारी आई आहे, दया करा.” लेखनिक ते टिपून घेतो. वकील त्यात “हा पहिलाच गुन्हा आहे” एवढी भर घालतो. सरकारी वकील म्हणतात, कठोर शिक्षा व्हावी. दहा मिनिटांत सारे संपते. निकालपत्रात हेच वाक्य उमटते आणि शेकडो निकालपत्रांत ते जसेच्या तसे आढळते. सर्वांची परिस्थिती एकाच ओळीत मावते, याचा अर्थ कोणाचीही परिस्थिती न्यायालयासमोर आलेली नसते.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. माणूस पाहावा की पाहू नये, हा वाद कायद्यापुरता मिटलेला आहे. तो पाहायचाच आहे. परंतु न्यायाधीशाला तो दाखवायचा कोणी? ज्याच्यामागे पैसा, शिक्षण आणि गोतावळा आहे, त्याचे आयुष्य न्यायालयासमोर उभे राहते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचे राहत नाही. मग कायद्याने दिलेली सवलत गरिबाच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

आता जे उदाहरण सांगणार आहे, ते ऐकताना मनाला यातना होतील, हे मी आधीच सांगतो. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात कोथरूड भागात एका घरात लुटीसाठी शिरलेल्या तिघांनी पाच स्त्रिया आणि दोन मुले ठार केली. त्यांतील एक स्त्री गर्भवती होती. सारे महाराष्ट्र हादरले. तिघांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या दोघांपैकी एक नारायण चेतनराम चौधरी. खटल्याच्या कागदांत त्याचे वय वीस-बावीस वर्षांचे लिहिले गेले आणि कोणी त्याची छाननी केली नाही. राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातील जलाबसर गावच्या शाळेच्या नोंदवहीत मात्र त्याचे नाव निरानाराम होते आणि जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता! सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली आणि २७ मार्च २०२३ रोजी त्याला गुन्ह्याच्या वेळी बालक ठरवून मुक्त केले. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात घालविला होता, आणि त्यातला बराचसा फाशीच्या छायेत. बालकाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येत होते.

ते सात जीव ज्या घरातून गेले, त्या घराचे दुःख कोणत्याही नोंदवहीने हलके होत नाही. ते बाजूला सारून मी हे सांगत नाही. परंतु वय ही माणसाची सर्वांत प्राथमिक परिस्थिती आहे. ती सांगणारा कागद एका सरकारी शाळेच्या कपाटात सारा काळ पडून होता. तो शोधण्यासाठी कायद्याचे पांडित्य लागत नव्हते. एका माणसाने रेल्वेने बिकानेरला जाऊन यावे, एवढेच लागत होते. खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सर्वांनी गुन्हा पाहिला. कोणाच्या हातून गुन्हा घडला, ते पाहायचे राहून गेले.

न्यायालयांनीही या प्रश्नावर वाट चुकविली आहे, हे सांगितले पाहिजे. १९९५ साली रावजी या राजस्थानातील आरोपीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने, शिक्षा ठरविताना अपराध्याकडे पाहू नये, अपराधाचे स्वरूप तेवढे पाहावे, अशा अर्थाचे मत दिले. बच्चन सिंग निकालाच्या हे अगदी उलट होते. तरीही पुढील अनेक निकालांनी त्याची री ओढली. महाराष्ट्रातील अंकुश मारुती शिंदे आणि इतर पाच जणांच्या प्रकरणात ३० एप्रिल २००९ रोजी सहाही जणांना फाशी ठोठावली गेली. उच्च न्यायालयाने ज्या तिघांना जन्मठेप दिली होती, त्यांचीही शिक्षा वाढविण्यात आली. हे सहा जण भटक्या जमातीतील, मजुरी करणारे. त्यानंतर तेराच दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, पुण्याच्या संतोषकुमार बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने रावजीचा निकाल आणि त्यावर विसंबलेले निकाल बच्चन सिंग निर्णय विचारात न घेता दिलेले आहेत, असे स्पष्ट केले. तेरा दिवसांचे अंतर! आणि त्या सहा भटक्यांचे काय झाले? त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे आढळले. आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. माणसाकडे पाहण्याचे टाळले की कधी कधी पुराव्याकडे पाहण्याचेही राहून जाते, असे हे प्रकरण वाचून मला वाटले.

आपल्या वऱ्हाडातीलही एक निकाल या संदर्भात देशभर उद्धृत होतो. अमरावती जिल्ह्यात २००७ साली एका तीन वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिला ठार मारणाऱ्या राजेंद्र वासनिक याला फाशी झाली होती. १२ डिसेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या पीठाने फेरविचारात ती रद्द केली, मात्र त्याने नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत तुरुंगातच राहावे असा आदेश दिला. फाशी देण्यापूर्वी आरोपी सुधारण्याचा संभव आहे की नाही, हे गांभीर्याने तपासले पाहिजे, आणि तो संभव नाही हे दाखविण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, असे त्या निकालाने सांगितले. पुढच्याच वर्षी ज्ञानेश्वर बोरकर या महाराष्ट्रातील कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. त्याने बावीसाव्या वर्षी एका बालकाचा खून केला होता. अठरा वर्षांच्या कारावासात तो पदवीधर झाला आणि त्याने कविता लिहिल्या. त्या कवितांत त्याला आपल्या कृत्याची जाणीव झाल्याचे दिसते, असे न्यायालयाने नमूद केले. आलोचना निष्कपट आहे की कपटाची, याचा निवाडा न्यायमूर्तींना येथे एका वहीवरून करावा लागला. वही नसती तर? सर्वच पश्चात्तापदग्धांना लिहिता येत नाही.

ही उणीव ओळखून २० मे २०२२ रोजी न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात दंडक घालून दिला. फाशीच्या प्रकरणांत आरोपीचे वय, कुटुंब, शिक्षण, आर्थिक-सामाजिक स्थिती, मानसिक आरोग्य, तुरुंगातील वर्तन यांची माहिती खटला चालू असतानाच गोळा झाली पाहिजे. हे योग्यच झाले. परंतु फाशीची प्रकरणे किती आणि रोजच्या चोऱ्या-मारामाऱ्यांची किती?

समोरच्या टोकाचे उदाहरणही पाहू. १९५९ सालच्या मुंबईच्या नानावटी प्रकरणाचे नाव येथील ज्येष्ठांना आठवत असेल. नौदलातील रुबाबदार अधिकारी, पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, स्वतःहून पोलिसांत हजर झाला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने ते न मानता जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. परंतु १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफी दिली. नानावटीची परिस्थिती, त्याची सेवा, त्याचा अपमान, त्याची मुले हे सारे साऱ्या देशाला ठाऊक होते. वृत्तपत्रांनी ते घरोघर पोहोचविले होते. त्याला माफी मिळू नये असे माझे म्हणणे नाही. पण त्याच वर्षांत किती खेडुतांनी अशाच संतापाच्या भरात कुऱ्हाड उचलली असेल आणि त्यांच्या बाजूने एक ओळही छापून आली नसेल!

आता जो आक्षेप आपल्यापैकी अनेकांच्या मनात केव्हाचा उभा आहे, त्याकडे येतो. “वकीलसाहेब, ज्याचे नुकसान झाले त्याची परिस्थिती कोण पाहणार?” आपण बहुतेक व्यापारी माणसे आहोत. न्यायालयात गेलोच तर फिर्यादीच्या बाजूला उभे असतो. दुकान फोडलेले असते, उधारी बुडविलेली असते, गोदामातून माल गेलेला असतो. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला झटकून टाकणारा वक्ता अपराध्याचाही मित्र नव्हे.

पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या अंतगडसूत्रातील अर्जुनमाळी आपणा सर्वांस ठाऊक आहे. सहा गुंडांनी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पत्नीवर अत्याचार केला. त्या क्षोभात यक्षाने त्याच्या देहात प्रवेश केला आणि तो रोज सहा पुरुष व एक स्त्री ठार करू लागला. सुदर्शन श्रेष्ठीमुळे तो भानावर आला, भगवान महावीरांनी त्याला दीक्षा दिली. येथपर्यंतची कथा आपण आवडीने सांगतो. पुढचा भाग घाईने उरकतो. तो राजगृहीत गोचरीला निघाला तेव्हा लोक म्हणत, याने माझ्या पित्याला मारले, याने माझ्या भावाला मारले. आणि त्याला शिव्या देत, मारीत. सूत्रकारांनी त्या लोकांना दोष दिलेला नाही. त्यांचा आक्रोश खराच होता. अर्जुनमुनींनी तो समभावाने सोसला, टाळला नाही. भगवंतांनी अर्जुनाची परिस्थिती पाहिली म्हणून राजगृहीच्या रहिवाशांचे दुःख खोटे ठरले नाही. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी खऱ्या होत्या. आणि परिस्थिती नेहमी सौम्यतेकडेच नेते असेही नाही. शिकलेल्या, सुस्थित माणसाने विश्वासघात केला तर त्याची सुस्थिती त्याच्या विरुद्धच गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. व्यापाऱ्यांच्या सभेत हे बोलण्याची मुभा आपण मला द्याल, असा विश्वास आहे.

आता मोताळा तालुक्याच्या पातळीवर येऊ. येथील पोलीस ठाण्यात नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक गुन्ह्यांत फाशीचा प्रश्नच नसतो. तेथे उपयोगी पडणारा कायदा आहे तो १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम, ज्याला आपण प्रोबेशनचा कायदा म्हणतो. फाशी किंवा जन्मठेपेला पात्र नसलेल्या गुन्ह्यात, गुन्ह्याचे स्वरूप आणि आरोपीचे चारित्र्य पाहून, न्यायालय त्याला तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी सोडू शकते. जन्मठेपेला पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील तरुणाला कैद द्यायची असेल तर न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचा हुकूमही याच कायद्याखाली करता येतो, हे फिर्यादी मंडळींनी लक्षात ठेवावे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आणखी एक दार उघडले आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला कैदेऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावयाची आहे. ही सेवा करवून घ्यायला जागा लागेल, देखरेख करणारा विश्वासू माणूस लागेल. धर्मशाळा, गोशाळा, पाणपोई चालविणाऱ्या संस्थांनी याचा विचार आताच करावा.

परंतु प्रोबेशनच्या कायद्यात एक अट आहे आणि तिच्यावर गरीब माणूस अडखळतो. आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला त्या न्यायालयाच्या हद्दीत कायम राहण्याचे ठिकाण किंवा नियमित व्यवसाय असला पाहिजे. आता पाहा. पारधी बेड्यावरचा तरुण, कापूस वेचणीला आलेले परप्रांतीय कुटुंब, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारा मजूर, यांना कायम ठिकाण कोठून असणार? ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली त्यातून मुक्त केले, त्यांच्या वाट्याला अजूनही पक्का पत्ता नीट आलेला नाही. म्हणजे ज्या परिस्थितीमुळे त्याच्यावर दया व्हावी, तीच परिस्थिती त्याला दयेपासून दूर ठेवते. कायद्याने मात्र वाट मोकळी ठेवली आहे: आरोपीला ठिकाण नसेल तर जामीनदाराला असले तरी चालते. आणि कायम ठिकाण, नियमित व्यवसाय या दोन गोष्टी ज्यांच्याजवळ निश्चित आहेत अशी मंडळी कोठे बसली आहेत, हे मी वेगळे सांगायला नको.

धोका मी लपवून ठेवत नाही. सोडलेल्या माणसाने अटी मोडल्या तर जामीनदाराला बंधपत्राची रक्कम भरावी लागू शकते. म्हणून कोणासाठी उभे राहायचे, हे चौकशी करूनच ठरवावे लागेल. त्याच्या गावी जावे लागेल, शाळेचा दाखला पाहावा लागेल, घरी कोण आहे, आजार काय आहे, पूर्वी काम कोठे केले, हे विचारावे लागेल. अशी चौकशी करून लिहिलेले दोन पानांचे टिपण आरोपीच्या वकिलाच्या हाती पडले, तर त्या दहा मिनिटांत “गरीब आहे, लेकरे आहेत” याहून काही अधिक न्यायाधीशांसमोर येईल. दंड भोगणाऱ्या साधूला गणाने वाऱ्यावर सोडू नये, असे व्यवहारसूत्र सांगते. त्याचा आजचा अर्थ मला असा दिसतो.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षांत जे कार्य उभे केले, त्यात आणखी एक छोटी वही घालावी, एवढी विनंती आहे. जामीनदार म्हणून उभे राहण्यास तयार असलेल्या पाच-सहा सभासदांची नावे तीत लिहिली गेली, तरी ती तालुका विधी सेवा समितीकडे देता येतील आणि समितीचे वकील गरज पडेल तेव्हा संपर्क साधतील. कोणत्या गुन्ह्यांसाठी उभे राहायचे आणि कोणत्यांसाठी नाही, हे सभासदांनी आपसांत ठरवावे. माझ्या मते सुरुवात पहिल्याच गुन्ह्यापासून आणि तरुण मुलांपासून करावी. कार्यक्रम संपल्यावर मी येथेच थांबणार आहे. ज्यांना बंधपत्राचा नमुना पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी तो बरोबर आणला आहे.

जय जिनेंद्र.